काळजाचं पाणी

मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृत. खाटकाच्या तराजूत पडतं तेही काळीज आणि लेक सासरी निघाली की आईचं तुटतं तेही काळीज. कवींनी ते हळूहळू वर सरकवत छातीत डाव्या बाजूला नेऊन बसवलं, पण दुकानात अर्धा किलो काळीज मागितलं तर खाटीक हृदय देत नाही. भीतीनं माणसाच्या 'काळजाचं पाणी पाणी होतं' असं आपण म्हणतो तेव्हा कुणी शब्दशः अर्थ घेत नाही. या पुस्तिकेत मात्र तो शब्दशः घ्यायचा आहे. यकृतात पाण्याची गाठ होते, वर्षानुवर्षं गपचूप वाढते आणि एखाद्या दिवशी पोटातल्या पोटात फुटते. त्या फुटलेल्या गाठीचं, त्या पहिल्या काही तासांचं आणि पोटावर सेंटिमीटरभराची तीन-चार छिद्रं पाडून केलेल्या ऑपरेशनचं हे वर्णन आहे.

पुस्तिका त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आणि तशाच इतर डोंगरी भागांतल्या डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी आणि आरोग्यसेवकांसाठी आहे. सर्जनसाठीही आहे, पण त्यांच्यापुरती नाही. कारण फुटलेल्या गाठीच्या पेशंटचं काय होणार हे पुष्कळदा सर्जनच्या हातात तो पोचण्याआधीच ठरलेलं असतं.

आधी गाठीबद्दल. यकृतातल्या पाण्याच्या सगळ्या गाठी एका जातीच्या नसतात. काही जन्मजात असतात. त्यांत साधं पाणी असतं, सोनोग्राफीत त्या सहज म्हणून सापडतात आणि त्यांना हात न लावणं हाच बहुधा उत्तम उपचार असतो. काहींच्या यकृतात अशा गाठींचा घोसच असतो. अमिबामुळे यकृतात होणारं गळू आपल्याकडे फार ओळखीचं आहे. त्यात पाणी नसतं, चॉकलेटी रंगाचा दाट पू असतो. तेही फुटतं आणि जीव घेतं. पण त्याची गोष्ट वेगळी, औषधं वेगळी, आणि बऱ्याच वेळा सोनोग्राफीखाली नळी घालून पू काढला की काम भागतं. फुटल्यावर सर्जनची झोप उडवते ती हायडॅटिडची गाठ. प्रस्तावनेत बोलायचं आहे ते प्रामुख्यानं तिच्याबद्दल.

हायडॅटिड हा एका अगदी लहान फीतकृमीचा उद्योग आहे. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हे त्याचं नाव. हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि काही मिलिमीटरच लांब असतो, तांदळाच्या दाण्याहून मोठा नाही. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गवताला, मातीला, पाण्याला लागतात आणि मेंढी, शेळी, म्हैस चरताना तिच्या पोटात जातात. अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून बहुतेक अळ्या तिथेच अडकतात. निसटतात त्या फुप्फुसात जातात. जिथे अडकतील तिथे त्या पाण्याची थैली बांधून बसतात. थैलीच्या आतल्या अस्तरावर हजारो नवी डोकी तयार होतात. जनावर कापलं की ते पाण्यानं फुगलेलं काळीज किंवा फोपसं खाटीक बाजूला फेकतो, कुत्रं ते खातं, आणि चक्र पूर्ण होतं. कार्ल फॉन सीबोल्ड या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला मेंढ्यांच्या गाठी कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या आतड्यात हे जंत वाढवून दाखवले, तेव्हा हे कोडं सुटलं. तोवर काळजातलं पाणी आणि कुत्र्याचा जंत यांचं नातं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. आणि इथे एक गैरसमज काढायला हवा, कारण तो शिकलेल्या लोकांतही घट्ट आहे. कलेजी खाऊन हा रोग होत नाही. गाठ असलेलं काळीज माणसानं खाल्लं तरी त्यातून त्याच्या यकृतात गाठ होत नाही. ती होते कुत्र्याच्या विष्ठेतलं अंडं पोटात गेल्यानं, म्हणजे न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून, कच्च्या पालेभाजीतून. म्हणून जन्मात मटणाला न शिवलेल्या, एकादशी न चुकवणाऱ्या माळकऱ्यालाही हायडॅटिड होऊ शकतो. त्याच्या पोह्यांवरच्या कोथिंबिरीला तो माळकरी आहे हे ठाऊक नसतं.

नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर हे चक्र डोळ्यांपुढे उभं राहतं. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या तालुक्यांत मेंढ्या आहेत. धनगर आणि ठेलारी कळप घेऊन पावसाच्या मागे-पुढे फिरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो, त्याचे पैसे किंवा धान्य देतो. वाड्याबरोबर राखणीची कुत्री असतात, ती त्याच रानात फिरतात आणि पुढे त्या रानात भाजी होते. पश्चिमेला त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागात पाऊस धो धो आणि मेंढ्यांपेक्षा शेळ्याच जास्त. घरोघरी दोन-चार शेळ्या, दारात कुत्रं, जत्रेला बोकड. बोकड गावातच कापला जातो, पशुवैद्य तिथे असण्याचा प्रश्नच नसतो. काळजावर पाण्याचा फोड दिसला की कापणारा तेवढा भाग सुरीनं उडवतो आणि भोवती शेपूट हलवत उभ्या असलेल्यांपैकी एकाकडे भिरकावतो. त्यात दुष्टपणा नाही, उलट भूतदयाच आहे. खाटीक हा या रोगाचा पहिला साक्षीदार. त्याला मात्र आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

गाठीतलं पाणी निवळशंख असतं. इतकं निवळ की फ्रेंच डॉक्टर त्याला 'खडकातलं पाणी' म्हणत आले आहेत. त्र्यंबकच्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ब्रह्मगिरीवर गंगाद्वाराशी खडकातून थेंब थेंब पाझरतं ते पाणी त्यानं लहानपणापासून पाहिलेलं असतं, आणि त्याच थेंबांची पुढे केवढी नदी होते हेही त्याला माहीत असतं. गाठीची चालही तशीच. सुरुवातीला ती दिसतही नाही. वाढीचा वेग ठरलेला नसतो. एखादी वर्षानुवर्षं लिंबाएवढीच राहते, एखादी वर्षाला काही सेंटिमीटर वाढत नारळाएवढी होते. दुखत बहुधा नाही. उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो, जेवण कमी जातं, एवढंच. पेशंट त्याला पित्त म्हणतो, आपणही त्याला पित्ताचीच गोळी देतो.

या थैलीची भिंत तीन पदरी असते. सगळ्यात आत जंताचं जिवंत अस्तर, नाजूक. त्याबाहेर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटानं सोलून निघेल असा थर. आणि त्याबाहेर यकृतानं स्वतःच्या बचावासाठी उभं केलेलं चिवट कवच. आत पाणी दाबाखाली असतं. मग बैलानं ढुशी मारली, मोटारसायकल घसरली, झाडावरून पडणं झालं, कधी नुसतं ओझं उचललं, किंवा काहीच झालं नाही, तरी कवच एका ठिकाणी फाटतं.

फाटलेली गाठ तीन दिशांना रिकामी होऊ शकते. पित्तनलिकेत फुटली तर कावीळ, थंडी-ताप आणि उजवीकडे कळा. वर छातीत फुटली तर खोकल्यातून पाणी आणि पापुद्रे. पोटात फुटली तर सगळ्यात वाईट. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत पाण्यानं भरलेलं यकृत पोटात फुटलं की पोट पाण्यानं भरतं आणि माणूस दगावतो, अशा अर्थाची नोंद आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रीक वैद्यानं जंत पाहिला नव्हता, सोनोग्राफी पाहिली नव्हती, पण शेवट बरोबर पाहिला होता. आपल्याकडे सुश्रुतानं जलोदरात व्रीहिमुख शस्त्रानं पोटाला छिद्र करून नळीनं पाणी काढायला सांगितलं आहे, तेही एकाच दिवशी सगळं नाही, थोडं थोडं. बारकावा थक्क करणारा आहे. म्हणून लॅपरोस्कोपी आमच्याकडे तेव्हाच होती असं मात्र कुणी म्हणू नये. तशा भाषणांना हल्ली टाळ्या फार पडतात. सुश्रुताला त्याची गरज नाही.

पोटात फुटलेल्या गाठीचे दोन धोके आहेत, एक आजचा आणि एक उद्याचा. आजचा धोका म्हणजे ॲलर्जीचा झटका. हे पाणी शरीराला परकं असतं. वर्षानुवर्षं थेंबा-थेंबानं त्याची ओळख झालेली असते आणि शरीर दबा धरून बसलेलं असतं. गाठ फुटून पाणी एकदम पसरलं की अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, घशात आवळल्यासारखं होतं, रक्तदाब कोसळतो. सगळ्यांना होतं असं नाही, पण ज्याला होतं त्याच्याकडे मिनिटं असतात. उद्याचा धोका आहे त्या पाण्यातल्या हजारो डोक्यांचा. त्यातलं प्रत्येक डोकं पोटात जिथे पडेल तिथे नवी गाठ धरू शकतं. फेलिक्स देव्हे या फ्रेंच डॉक्टरनं १९०१ मध्ये हे सिद्ध केलं. म्हणजे पेशंट वाचला, घरी गेला, पेढे वाटले, आणि काही वर्षांनी पोटभर द्राक्षांच्या घडासारख्या गाठी घेऊन परत आला, असं होऊ शकतं. तेव्हाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

आता कल्पना करा. हरसूलच्या पलीकडचा एखादा पाडा, आषाढातली रात्र. पस्तिशीचा माणूस दुपारी बांधावरून घसरून दगडावर पडला. उजव्या कुशीत कळ आली, मग थांबली. संध्याकाळी अंगाला खाज सुटली, चट्टे उठले. घरच्यांनी म्हटलं काहीतरी किडा चावला. रात्री पोट लाकडासारखं झालं आणि त्याला दरदरून घाम फुटला. रस्त्यापर्यंत झोळी, तिथून १०८ची गाडी, गाडी आली तर. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत पोटदुखी सुरू होऊन कित्येक तास उलटलेले. समोरचा तरुण डॉक्टर पोटाला हात लावतो आणि मनात यादी करतो: अल्सर फुटला, अपेंडिक्स फुटलं, प्लीहा फाटली. या यादीत 'अंगावर गांधी आहेत का' हा एक प्रश्न घातला गेला, तर या पुस्तिकेचा अर्धा हेतू साध्य झाला असं मी म्हणेन. मार लागल्यावर पोटदुखी आणि सोबत गांधी, ही जोडी दुसऱ्या फारशा कशात सापडत नाही.

आणि त्या क्षणी काय करायचं त्याला सर्जन लागत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन, गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. ऑक्सिजन, दोन जाड सुया, सलाईन वेगात, पाय उंच. अनेक ठिकाणी आधी एव्हिल आणि स्टिरॉइडची इंजेक्शनं जातात, ॲड्रेनालिनचा नंबर शेवटी लागतो. हात कचरतो, कारण ॲड्रेनालिन म्हणजे हृदय बंद पडल्यावर द्यायचं औषध अशी भीती बसलेली असते. नियम अगदी उलटा आहे. आधी ॲड्रेनालिन, बाकीचं नंतर. एव्हिलनं खाज जाते, रक्तदाब वर येत नाही. या एका इंजेक्शनवर पुस्तिकेत सबंध प्रकरण आहे आणि ते कमी करा असं मला सुचवलं गेलं तेव्हा मी नकार दिला.

रक्तदाब सावरला की सोनोग्राफी. यकृतात सुटलेल्या पडद्यासारखं काही तरंगताना दिसलं, भोवती पाणी दिसलं, तर निदान जवळजवळ झालं. पाण्यात तरंगणाऱ्या कमळाच्या पानासारखा तो पापुद्रा दिसतो आणि पुस्तकांतही त्या चिन्हाला कमळाचंच नाव आहे. मग नाशिक. त्र्यंबकचा रस्ता शहरात शिरतो तिथेच जिल्हा रुग्णालय आहे. अंतर तिसेक किलोमीटर. पण श्रावणातल्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असेल किंवा निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेला दिंड्या चालत असतील, तर त्याच अंतराला किती वेळ लागेल हे गाडीच्या ड्रायव्हरलाच विचारावं. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत रस्ते रुंद होताहेत, हे या बाबतीत तरी बरंच आहे.

इथून पुढे लॅपरोस्कोप, म्हणजेच 'दुर्बीण', येते. हा शब्द खेड्यातल्या माणसाच्या कानावर पहिल्यांदा कुठे पडला हे लक्षात घेण्यासारखं आहे. पित्ताशयाच्या नाही, कुटुंबनियोजनाच्या शिबिरात. 'टाक्याचं की दुर्बिणीचं?' हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बाईनं बाईला कितीतरी वर्षं विचारला आहे. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झालेली ती ऑपरेशनं, संध्याकाळी जीपमधून घरी परतणाऱ्या बायका, हा लॅपरोस्कोपीचा मराठी मुलखातला पहिला मोठा अध्याय आहे. त्यात चांगलंही होतं आणि घाईनं झालेली इजाही होती. परिणाम असा की आजही एखाद्या पुरुषाला 'तुमचं ऑपरेशन दुर्बिणीनं करू' म्हटलं की तो आधी बायकोकडे बघतो.

मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये ही दुर्बीण आली ती मुंबईतून. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात निदानासाठी लॅपरोस्कोप वापरायला सुरुवात केली. तेव्हा सीटी स्कॅन आपल्याकडे नव्हता आणि गरीब पेशंटचं पोट 'उघडून पाहू' असं सहज म्हटलं जाई. उडवाडियांचा विचार सरळ होता: उघडून पाहण्यापेक्षा भोकातून पाहू. पुढे ३१ मे १९९० रोजी त्यांनी जे. जे. मध्येच लॅपरोस्कोपीनं पित्ताशय काढलं. विकसनशील देशांतली ती पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. जर्मनीत एरिश म्यूहे यांनी ती १९८५ मध्ये केली होती आणि तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांची टर उडवली होती. फ्रान्समध्ये फिलिप मुरे यांनी १९८७ मध्ये केली आणि मग जग तिच्यामागे धावलं. त्या मानानं जे. जे. ला फार उशीर झालेला नव्हता, तेही सरकारी रुग्णालय असताना. उडवाडियांना २०१७ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि २०२३ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की लॅपरोस्कोपी श्रीमंतांची चैन आहे हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतण्याची गरज शेठजीपेक्षा जास्त असते, हा त्यांचा आग्रह होता.

आणखी एक योगायोग सांगतो. ज्या १९०१ साली देव्हेनं सांडलेल्या पाण्यातून नव्या गाठी उगवतात हे दाखवलं, त्याच १९०१ साली ड्रेस्डेनच्या गेऑर्ग केलिंग यानं हँबुर्गला भरलेल्या परिषदेत पोटात हवा भरून दुर्बिणीतून आत पाहून दाखवलं. पाहिलं ते कुत्र्याच्या पोटात. या रोगाचा मुख्य यजमान कुत्रा आणि या उपचाराचा पहिला पेशंटही कुत्राच. हे दोन शोध एकमेकांना भेटायला जवळजवळ एक शतक लागलं, आणि भेटल्यावरही त्यांचं लगेच पटलं नाही. कारण हायडॅटिडच्या सर्जनला शिकवलेलं असतं की एक थेंब सांडू नको, आणि दुर्बिणीत तर गाठ टोचताना पाणी उडण्याची भीती अधिक. कोइमतूरचे डॉ. सी. पलनिवेलू यांनी यासाठी खास जाड नळी बनवली. ती गाठीला चिकटून बसते आणि आतलं पाणी, पापुद्रे सगळं ओढून घेते. त्यांच्या कामानंतर भारतात शाबूत गाठीसाठी दुर्बीण रुळली.

फुटलेल्या गाठीचं गणित निराळं आहे. इथे सांडायचं ते सांडून गेलेलं आहे. मग दुर्बिणीविरुद्धचा मुख्य आक्षेपच उरत नाही. उलट तिचा एक मोठा फायदा पुढे येतो, तो म्हणजे नजर. पोटाच्या मधोमध वीतभर चीर दिली तरी यकृताच्या वरचा, छाती-पोटामधल्या पडद्याखालचा कोपरा सर्जनला नीट दिसत नाही, हातानं चाचपावा लागतो. कटिपोकळीचा तळ तर त्याहून दूर. बेंबीतून घातलेली तिरकी दुर्बीण या दोन्ही जागा मोठ्या करून पडद्यावर दाखवते. सांडलेला पापुद्रा जर कुठे लपणार असेल तर नेमका याच जागी लपतो.

ऑपरेशन साधारण असं चालतं. पूर्ण भूल. बेंबीपाशी दहा मिलिमीटरचं छिद्र, पोटात कार्बन डायऑक्साइड सावकाश भरायचा, दाब पाऱ्याच्या बारा मिलिमीटरपर्यंतच. आत शिरल्याबरोबर दिसतं ते गढूळ किंवा पित्तानं हिरवट झालेलं पाणी, आणि त्यात सायीसारखे तरंगणारे पांढरे पापुद्रे. आधी पाणी ओढून घ्यायचं. यकृताभोवती जंतनाशक द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या लावायच्या. मग फाटलेल्या जागेतून गाठीत शिरून आतलं पांढरं अस्तर अलगद सोलून काढायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधूनच बाहेर आणायचं. हे पिशवीचं काम कंटाळवाणं आहे आणि त्यातच घाई होते. द्राक्षासारख्या पिल्लगाठी निघाल्या तर एक-एक वेचायची. रिकाम्या पोकळीत दुर्बीण घालून भिंत तपासायची. कुठून पित्त झिरपतंय का? पांढरी पट्टी दाबून धरली आणि तिच्यावर पिवळा डाग उमटला तर तिथे टाका. नंतर पोट कोमट सलाईननं धुवायचं, लिटरच्या लिटर, ओढलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि त्यानंतरही थोडं. शेवटी पोटातला चरबीचा पदर, ज्याला संस्कृतात वपा म्हणतात, तो ओढून पोकळीत भरायचा. हा पदर म्हणजे पोटातली आजी आहे, जिथे काही बिनसलं तिथे जाऊन बसते. बाजूला एक नळी ठेवायची आणि बाहेर यायचं.

जंतनाशक द्रावण कोणतं, यावर सर्जन लोक तावातावानं भांडतात. जुन्या काळी फॉर्मालिन वापरत. ते पित्तनलिकेत शिरून तिला कायमचं आकसवून टाकी, म्हणून बाद झालं. वीस टक्के मिठाचं पाणी चांगलं, पण फुटलेल्या पोटात मोकळेपणानं ओतलं तर रक्तातलं मीठ धोकादायक वाढतं. बीटाडिनचेही तोटे आहेत. माझं मत विचाराल तर द्रावणाच्या ताकदीपेक्षा धुण्याच्या चिकाटीवर जास्त भरवसा ठेवावा.

आता ज्याच्यासाठी मी ही प्रस्तावना लिहायला बसलो ते. फुटलेल्या गाठीचं दुर्बिणीनं ऑपरेशन प्रत्येकाचं करायचं नसतं. रक्तदाब औषधांनीही सावरत नसेल, तर पोटात गॅस भरणं म्हणजे हृदयाकडे परतणारं उरलंसुरलं रक्तही अडवणं. अशा पेशंटला चीर द्यावी, पटकन द्यावी. गाठ यकृताच्या मागच्या बाजूला खोल असेल, गाठी अनेक असतील, किंवा भूलतज्ज्ञानं नुसतं डोकं हलवलं तरी चीर द्यावी. या विषयावर जे छापून आलं आहे ते बहुतेक एकेका पेशंटच्या हकिकती आणि लहान लहान नोंदी आहेत, आणि हकिकत सहसा जिंकलेल्या लढाईची छापली जाते. तेव्हा त्यातले आकडे वाचून छाती फुगवून घेऊ नये. दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन उघडं करावं लागलं तर सर्जनला ते हरल्यासारखं वाटतं. नातेवाइकांनाही वाटतं, कारण आपणच त्यांना 'छोट्या छिद्राचं' सांगून ठेवलेलं असतं. हा दोष आपल्या बोलण्याचा आहे. पुस्तिकेत संमतिपत्राचा मराठी नमुना दिला आहे. त्यात पहिलंच वाक्य असं आहे की ऑपरेशन दुर्बिणीनं सुरू होईल आणि गरज पडली तर चीर द्यावी लागेल. ते वाक्य नातेवाइकांना मोठ्यानं वाचून दाखवावं आणि ज्याला कोकणी किंवा वारली बोली येते त्या कर्मचाऱ्याकडून पुन्हा सांगवावं.

यंत्रांचाही प्रश्न आहेच. चांगल्या प्रकाशाची दुर्बीण, गॅसचं मशीन, चालणारं सक्शन, रात्री दोनला वीज आणि रात्री दोनला भूलतज्ज्ञ. यातलं एक जरी नसलं तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. ईशान्य भारतात काही ग्रामीण सर्जनांनी गॅसशिवाय, पोटाची भिंत वर उचलून धरून, कमरेतल्या भुलीवर लॅपरोस्कोपी करून दाखवली आहे. फुटलेल्या हायडॅटिडला ती पुरेल असं मी म्हणणार नाही. पण हत्यार आपल्या मुलखाला बेतून घेण्याची ती वृत्ती हवी.

ऑपरेशननंतर टाके लवकर सुकतात, पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालतो, आठवड्याभरात शेताची आठवण काढतो. खरी अडचण इथे सुरू होते. त्याला अल्बेंडाझोल महिनोन् महिने घ्यायचं असतं, वजनाच्या किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम रोज, दोन वेळांत विभागून, आणि तेलातुपाच्या जेवणाबरोबर, कारण स्निग्धाशिवाय ते नीट शोषलं जात नाही. ही तीच गोळी आहे जी जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना एक-एक चघळायला देतात. त्यामुळे 'एका गोळीचं काम, महिनोन् महिने कशाला' असा प्रश्न येतोच. मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं, यकृतावर आणि पांढऱ्या पेशींवर परिणाम होतो म्हणून. आणि सोनोग्राफी, सुरुवातीला दर काही महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, पुढची कित्येक वर्षं. पोटावर व्रण जेवढा लहान, तेवढं हे सगळं विसरायला सोपं. मोठी चीर आरशात रोज आठवण करून देते. सेंटिमीटरभराची छिद्रं वर्षभरात दिसेनाशी होतात आणि त्यांच्याबरोबर तारखाही. दुर्बिणीच्या या तोट्याचा उल्लेख मला कुठल्या पाठ्यपुस्तकात आढळला नाही. आशाताईंच्या वहीत अशा पेशंटचं नाव स्वतंत्र पानावर का लिहायचं, ते म्हणून शेवटच्या प्रकरणात सविस्तर सांगितलं आहे.

आइसलँडमध्ये एके काळी हा रोग घराघरात होता. १८६३ मध्ये हाराल्ड क्रॅबे हा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला, त्यानं शंभर कुत्री तपासली आणि अठ्ठावीसमध्ये जंत सापडला. त्यानं एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती देशातल्या घराघरात फुकट वाटली गेली. त्यात दुर्बीण नव्हती, औषध म्हणावं असंही फारसं नव्हतं. मेंढीचं खराब काळीज कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा जाळा, आणि हात धुवा, एवढंच होतं. हिवाळ्याच्या लांब रात्री लोकांनी ती वाचली. पुढे कुत्र्यांवर कर आला, जंतांचं औषध सक्तीचं झालं, आणि विसाव्या शतकात तो रोग आइसलँडमधून गेला. न्यूझीलंडनंही याच वाटेनं जाऊन २००२ मध्ये आपण त्यातून जवळपास मोकळे झाल्याचं जाहीर केलं.

त्र्यंबकची कुत्री आइसलँडच्या कुत्र्यांसारखी एकेका मालकाची नाहीत. कुशावर्तापासून बसस्टँडपर्यंत ती गावाची आहेत, यात्रेकरूंची आहेत, कुणाचीच नाहीत. त्यांना वर्षातून चार वेळा प्राझिक्वान्टेल कोण घालणार, हा प्रश्न आरोग्य खातं पशुसंवर्धनाकडे ढकलतं, पशुसंवर्धन नगरपरिषदेकडे. म्हणून आम्ही उलट टोकानं सुरुवात करायची ठरवली. ही पुस्तिका दवाखान्यांत जाईल, पण तिच्यातलं मधलं पान सुटं काढता येतं. त्यावर पाण्याच्या फोडाचं काळीज, कुदळ आणि हातभर खोल खड्डा, अशी तीन चित्रं आहेत, अक्षर एकही नाही. ते पान मटणाच्या दुकानात, तराजूच्या वरच्या खिळ्याला अडकवायचं आहे.